दुपारची अंबुजा

१

रोज संध्याकाळी देवापुढं दिवा लावायच्या आधी मी लोकांच्या खुणा पुसत असे. लग्न होऊन या घरात आल्यावर माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलं खातं.

ही १९९९ सालची गोष्ट. तंजावरकडच्या मेलकावेरीतल्या आमच्या घराचा ओटा प्लायवुडनं बंद करून माझ्या नवऱ्यानं, वरदराजनं, तिथं ब्राउझिंग सेंटर काढलं होतं. तीन कॉम्प्युटर, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टेलिफोनची लाइन. मोडेम जोडताना दारात मांजराची शेपटी सापडल्यासारखा आवाज व्हायचा आणि समोरच्या घरातलं पोर रोज नव्यानं रडायचं. गिऱ्हाईक उठून गेलं तरी ते कुठं कुठं फिरलं, काय काय पाहिलं, ते मशीनवर मागं राहतं. ते सगळं दिवसाअखेरी पुसायचं. लोकांची उष्टी ताटं उचलावीत तसं. न बघता.

“पण ठेवतं कोण हे?” मी सुरुवातीला वरदराजला विचारलं होतं.

“वेबसाइटच ठेवते. वण्णान कपडे धुवायला नेतो, तेव्हा कॉलरच्या आत शाईचा ठिपका करतो की नाही? आपल्याला दिसत नाही, पण कपडा कुठल्या घरचा ते त्याला कळतं. तसा ठिपका. त्याला कुकी म्हणतात. पुन्हा गेलीस की ती साइट तुला ओळखते.”

“सरकारी साइटसुद्धा?”

“सरकारला काय करायचंय तुझं बघून?” तो हसला आणि टीव्हीवरच्या क्रिकेटकडं वळला.

हसणं त्याला सोपं होतं. त्याच्याकडं लपवायला काही नव्हतं.

माझ्याकडं होतं. मला लहानपणापासून फिट येत असे. गोळ्या सुरू झाल्यापासून, म्हणजे कॉलेजात गेल्यापासून, एकदाही आली नाही. पण गोळी चुकवायची नाही, आणि मूल हवं असेल तेव्हा आधी येऊन भेट, गोळी बदलावी लागेल, असं तंजावरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. हे माझ्या सासरी कुणाला ठाऊक नव्हतं. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, ठरवलं, सांगायचं नाही. मला कुणी विचारलं नाही. मुलगी मी, फिट माझी, लग्न माझं आणि गप्प बसायचा निर्णय अप्पांचा. मी गोळ्यांची पाकिटं शिकेकाईच्या डब्यात, पावडरीखाली, पुरून ठेवली आणि कमी बोलायला लागले. कमी बोलणारी सून म्हणून माझं कौतुकही झालं.

२

आमच्या घरांना एक कुलूप असतं, भाषेचं. आम्ही तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात इकडं आलेल्यांचे वंशज. दाराबाहेर तमिळ, दाराआत आमची मराठी. पुण्याचे पाहुणे ती ऐकून हसतात, त्यांना वाटतं आम्ही बखरीतनं उठून आलोय. हसोत. त्या मराठीचा एक फायदा पुण्याला कधीच कळणार नाही. समोर भाजीवाली असो, डॉक्टर असो, पोलीस असो, आम्ही त्यांच्या तोंडावर वाटेल ते बोलतो. कुणाला कळतंय? पिढ्यान्पिढ्या हा आमचा भरवसा, आणि मी तो घेऊन कॉम्प्युटरसमोर बसले.

दुपारी गिऱ्हाईक नसे. वरदराज कुणाची तरी मशीन दुरुस्त करायला बाहेर जाई, सासूबाई मधल्या खोलीत आडव्या होत. गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं होतं की आरोग्याची एक नवी सरकारी वेबसाइट निघाली आहे, तिच्यावर आजार, औषधं, सगळं आहे. खात्याचं नाव मी इथं लिहीत नाही. नावानं हाक मारावी असं काही ते राहिलेलं नाही.

साइट इंग्रजी आणि तमिळमध्ये होती. एका चौकटीत आपला प्रश्न लिहायचा. माझी बोटं थबकली. सवयीनं, जे कुणाला कळू नये ते जसं बोलते तसंच, मी आमच्या मराठीत, इंग्रजी अक्षरांत लिहिलं:

‘मज फिटाच्या गोळ्या आहेत. घरांत कोण्हास ठावें नाहीं. लेकरूं जालें तर त्यास काय होईल?’

लिहून बरं वाटलं. इतके महिने तोंडात धरलेलं पाणी थुंकल्यासारखं. मग मी ते अक्षरन् अक्षर पुसलं. पाठवलं नाही. पुन्हा सांगते, पाठवलं नाही. नंतर इंग्रजीत औषधाचं नुसतं नाव टाकून शोधलं, काही सापडलं नाही, लाइन तोडली.

मधल्या खोलीतून बोलण्याचा आवाज येत होता, हलका, एकसुरी. रेडिओ लागला असावा असं मला वाटलं.

३

दुसऱ्या दुपारी मी पुन्हा तीच साइट उघडली. आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हातानं सगळ्या खुणा पुसल्या होत्या, तरी पान उघडायच्या आधी त्या उगाच पुन्हा एकदा पुसून घेतल्या. वर सरकारी चिन्ह, खाली तमिळमध्ये सुस्वागतम. त्याखाली काल तारीख होती तिथं आज एक ओळ होती, इंग्रजी अक्षरांत:

‘ये गे अंबुजा. लेकराचें विचारायचें राहिलें.’

मी ती मनात वाचली आणि मग, का कोण जाणे, मागं वळून पाहिलं. तीन खुर्च्या, प्लायवुड, उन्हानं पांढरा पडलेला रस्ता.

मी माझं नाव कुठंच लिहिलं नव्हतं. आणि कुठल्या सरकारी ऑफिसात बसून कोण आमच्या स्वयंपाकघरातली मराठी लिहितो? चेन्नईतल्या बाबू लोकांना आम्ही आहोत हेसुद्धा धड माहीत नसतं. वरदराजची थट्टा? त्याला गोळ्यांचं ठाऊक नव्हतं. आमच्यातलाच कुणी मुलगा त्या खात्यात लागला असेल? असेल. मग त्याला मी पुसलेलं कसं दिसलं?

भीती नंतर वाटली. आधी राग आला. इतका की कानशिलं तापली. कुणी तरी आपल्या खोलीत येऊन बसलंय, आणि आपण आत गेल्यावर तेच आपल्याला ‘ये’ म्हणतंय!

मी सगळं पुसलं. मशीन बंद केली, चालू केली. त्या साइटची ती कुकी, एवढीशी फाइल, जागच्या जागी होती. पुन्हा पुसली. पुन्हा होती. शेवटी तिच्यावर बोट ठेवून बसावं तशी मी पडद्याकडं बघत बसले. आत रेडिओ चालूच होता. मधेच कोणीतरी हसलं.

४

सासूबाईंचं नाव सीतालक्ष्मी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला, माणसं त्या आवाजावरून आणि बांगड्यांवरून ओळखत. सकाळी मी त्यांना कॉफी दिली तेव्हा त्यांनी माझा हात धरला. कधी धरत नसत.

“काल दुपारीं केवढें बोललीस गे! मज वाटलें होतें, मुकी सून केली आम्हीं.”

“मी कुठं बोलले, आत्याबाई? मी ओट्यावर होते.”

“होय की. सकाळीं तूं अशीच. दुपारची अंबुजा बरी. जवळ येऊन बसत्ये, पाय चेपत्ये, पोटांतलें सांगत्ये.”

“रेडिओ ऐकत असाल.”

“रेडिओ?” त्या हसल्या. “तो दुरुस्तीस देऊन महिना जाला. तुझ्याच नवऱ्यानें नेला.”

म्हातारं माणूस, दुपारची झोप, स्वप्नात येतं काहीबाही. मी स्वतःला असं समजावलं, आणि ते मला पटलंही. मग त्या म्हणाल्या, “तिरुक्करुगावूरला जाऊं. अम्मनचें मंतरलेलें तूप आणूं. रोज झोपतांना चाटायचें. वर्षाच्या आंत पाळणा.”

मूल हवं त्या बायका तिथल्या देवीला जातात, मला माहीत होतं. मी नेहमीसारखी काहीच बोलले नाही. या घरात माझं गप्प बसणं कुणीही आपापल्या सोयीनं वाचत असे.

५

कृष्णवेणी टीचर आमच्याच लोकांतल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, भावाच्या घरी राहणाऱ्या. डोळ्यांच्या ऑपरेशनचं शिबिर कधी आहे ते पाहायला त्या अधूनमधून सेंटरवर येत, आणि पाहत असत तीच आरोग्याची साइट. त्या दिवशी सकाळी त्या खुर्चीवरून अशा उठल्या की खुर्ची मागं आडवी झाली.

“अंबुजा, इकडं ये. हें कोणी लिहिलें?”

मी गेले. पडद्यावर शिबिराची माहिती होती, बाकी काही नव्हतं.

“गेलें,” त्या म्हणाल्या. आवाज वर्गातला. “आमच्या भाषेंत होतें. विचारलें, त्या लेकराचें नांव काय ठेविलें होतेंस म्हणून.”

कुठलं लेकरू, मी विचारलं नाही. विचारायचं नसतं ते मला तोंडपाठ होतं.

“आणि ऐक. काल घरीं वहिनी तेंच बोलली. मी म्हटलें, तुज कोणी सांगितलें? म्हणते, तूंच की, दुपारीं, झोपाळ्यावर बसून. मी! जन्मभर मीं तोंड उघडलें नाहीं, अंबुजा. आईपाशीं नाहीं, देवापाशीं नाहीं.” त्यांनी पडद्याकडं बोट रोखलं. “हा कोण लागून गेला मज विचारणारा?”

“टीचर, तुम्ही त्यात काही लिहिलं होतंत का?”

त्यांनी आडवी झालेली खुर्ची उचलून सरळ केली. “लिहून पुसलें होतें,” त्या म्हणाल्या. “आपल्या मराठींत. म्हटलें, कोणास कळणार?”

त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्या वहिनी मात्र देवळात भेटल्या तेव्हा फार खूश होत्या. टीचर अलीकडं किती मोकळ्या झाल्यात, म्हणाल्या.

६

टीचर उठून गेल्या त्या रात्री जेवताना मी वरदराजशी भांडले. लग्नानंतरचं पहिलं भांडण. ते सरकारी वेबसाइटवरून व्हावं याचं मला तेव्हाही थोडं हसू आलं.

“ती साइट बंद करा आपल्या सेंटरवर.”

“का? लोकांच्या उपयोगाची आहे. सरकारी आहे, फसवाफसवी नाही.”

“ती न विचारता खूण ठेवते. पुसलेली परत येते.”

“अगं, असेल काही बिघाड. बघतो उद्या.” त्यानं रसम वाढून घेतलं. “आणि ठेवली खूण, तर तुझं काय जातं? सरळ माणसाला कसली भीती? तुझ्याकडं लपवण्यासारखं आहे काय?”

“न्हाणीघराला आतून कडी का लावता मग तुम्ही?”

“ते वेगळं.”

“कसं वेगळं? आत कुठला गुन्हा करता?”

“तुला आज झालंय काय?” तो खरंच चकित झाला होता. “दुपारी तर बरी असतेस, अम्मा म्हणते. माझ्याशीच अशी का?”

मी ताटावरून उठले. हात धुताना विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिले. मला कळत होतं की माझ्याकडं सांगण्यासारखी एकही शहाणी गोष्ट नाही. कॉम्प्युटर माझं गुपित खातोय, म्हणू? हा डॉक्टरकडं नेईल. आणि डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, पूर्वी कधी काही त्रास?

७

मग एका सकाळी शिकेकाईच्या डब्यात पावडर होती आणि खाली काहीच नव्हतं.

मी सगळी पावडर परातीत ओतली, बोटांनी चाळली. नाकात जाऊन शिंका आल्या, डोळे भरले. सासूबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

“काय शोधत्येस? गोळ्या? त्या तूंच दिल्यास की मज काल. म्हणालीस, आत्याबाई, नकोत मज ह्या, टाकून द्या. मीं कावेरींत सोडल्या.”

मी परातीशी तशीच बसून राहिले.

“फिटचें सांगितलेंस, बरें केलेंस,” त्या मऊ आवाजात म्हणाल्या. “मीं रागावलें का? नाहीं ना? तुझ्या अप्पांनीं लपविलें, पण तूं लपविलें नाहींस. अम्मन पाहून घेईल. उद्यां तिरुक्करुगावूर.”

इतके महिने मी ज्या क्षणाला भीत होते तो येऊन गेला होता. मी तिथं नव्हतेच. माझं गुपित सांगून झालं होतं, त्याबद्दल मला माफीही मिळाली होती, आणि गोळ्या नदीच्या तळाशी होत्या. गोळी बंद झाली की फिट कधीही येऊ शकते, चुलीपाशी, विहिरीपाशी. पोटात मूल असताना आली तर, त्याचा विचारसुद्धा मला करवेना.

“मी नाही दिल्या,” मी म्हटलं. “आत्याबाई, मी तुम्हाला काहीच सांगितलं नाही. मी तंजावरला जाऊन नव्या गोळ्या आणणार आहे. आजच.”

त्यांचा चेहरा बंद झाला. “सकाळीं तुझ्याशीं बोलणें नको. दुपारीं ये, मग बोलूं.”

वरदराज पहाटेच तिरुनागेश्वरमला एका गिऱ्हाइकाची मशीन बसवायला गेला होता. त्याच्याशिवाय मला एकटीला तंजावरच्या बसमध्ये कुणी बसू दिलं नसतं. सासूबाईंनी ओट्याच्या रस्त्याकडच्या दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. सुनेचं डोकं ठिकाणावर नाही, एवढं त्यांना दिसत होतं.

ठीक, मी म्हटलं. दुपारी येते.

८

मी मशीन चालू केली. मोडेम किंचाळला, समोरचं पोर रडलं. साइट उघडली. ओळ होती तिथंच:

‘बैस गे अंबुजा.’

मी बसले नाही. पान तसंच उघडं ठेवून, चपला काढून, आवाज न करता आत गेले.

मधल्या खोलीला खिडकी नाही. चौकातल्या उजेडाची एक तिरीप उंबऱ्यापर्यंत येते आणि तिथंच संपते. आत बोलणं चालू होतं. तो माझा आवाज होता. टेपवर ऐकल्यावर आपला आवाज परका वाटतो तसा नाही. आतून ऐकू येतो तसा. “होय आत्याबाई. उद्यांच जाऊं आत्याबाई.” मी कधीच इतक्या वेळा आत्याबाई म्हणत नाही.

डोळे सरावले तेव्हा मला पाठ दिसली. माझी वेणी, सकाळी मी बांधलेल्या जुन्या निळ्या रिबिनीसह. माझं मोरपंखी लुगडं, जे त्या क्षणी माझ्याही अंगावर होतं. हातात सासूबाईंचा पाय. आमच्या लाइनवर फोटो उघडला की तो वरून खाली पट्टीपट्टीनं उतरतो. आधी डोकं, मग खांदे, बाकीची जागा करडी. तसं ते होतं. कमरेखाली लुगड्याच्या निऱ्या अजून यायच्या होत्या. मी बघत असताना आणखी एक पट्टी उतरली, गुडघ्यापर्यंत.

मी उलटी धावले. टेलिफोनची वायर भिंतीतून खिळ्यांसकट उपटली, मशीनचा प्लग ओढला. पंखा, पडदा, सगळं थांबलं. इतकं शांत झालं की आतलं बोलणं आणखी स्पष्ट ऐकू आलं.

ते थांबलं नव्हतं. त्याला आता लाइन लागत नव्हती.

मी परत गेले आणि उंबऱ्यावर उभी राहिले. पाठ आता पूर्ण होती. पावलांपर्यंत, जोडव्यांपर्यंत.

“तर ठरलें,” सासूबाई तिला म्हणत होत्या. “गोळ्या नाहींत, तूप खायचें, लेकरूं यायचें. तुझें मन आहे ना गे? पुन्हा मज बोल लावशील. एकदां स्पष्ट सांग.”

“नाही!” मी ओरडले.

त्या घरात मी कधी आवाज चढवला नव्हता. तो भिंतीवर आपटून चौकात गेला. “माझं मन नाही! मी तुम्हाला काही सांगितलं नाही, माझ्या गोळ्या मी दिल्या नाहीत. मूल हवं की नको, कधी हवं, ते मी सांगेन. मी! मला विचारा! ऐकताय का आत्याबाई, मी नाही म्हणतेय!”

सासूबाईंनी मान वळवली. त्यांचे दुधाळ डोळे माझ्यावर येऊन थांबले, रस्त्यावर कुणाचं तरी भांडण चाललं असावं तसे. मग त्या पुन्हा वळल्या, पायाशी बसलेलीकडं.

“काय म्हणत्ये ती?” त्यांनी तिला विचारलं.

“कांही नाहीं, आत्याबाई,” माझ्या आवाजात, माझ्यापेक्षा कितीतरी मऊ, उत्तर आलं. “होय म्हणत्ये.”